चि. मनूस

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता निघालीस. शेवयांचा डबा ओट्यावरच राहिला. स्टँडवरून आल्यापासून बाबा माझ्याशी धड बोललेले नाहीत. काकूसमोर मी तुझ्या पाळीचा विषय काढायला नको होता. चुकलं माझं. इथेही काढणार नाही, असं ठरवूनच लिहायला बसले.

दिवसा झोप लागते का गं?

इतकी वर्षं रात्रपाळ्या केल्या, पण त्या का बाधतात हे मी निवृत्तीनंतर वाचलं. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर पेशींचा पुंजका असतो. जेमतेम २० हजार पेशी. उजेडावरून तो शरीराची वेळ लावतो. १९५० साली एव्हरेट आणि सॉयर यांनी उंदरांच्या माद्यांना दुपारी ठरावीक वेळी गुंगीचं औषध दिलं, तर बीज सुटणं थेट २४ तास पुढे गेलं. म्हणजे बीज सोडवणारं संप्रेरक, एलएच, उसळायचा इशाराही घड्याळ बघून जातो. बाईचं शरीर इतकं बांधलेलं नाही, हे कळतं मला. तरी आपल्यातही ती उसळी बहुतेकदा पहाटे-सकाळीच सुरू होते, आणि पाळ्या बदलत काम करणाऱ्यांची मासिक पाळी जास्त वेळा बिघडते.

बघ, लागले शिकवायला. तूही सिस्टरच आहेस. माफ कर.

तुझ्याआधीची साडेतीन वर्षं आठवतात. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. आज्जी सोमवार धरायला लावायची. मी ड्युटीवरून यायची, सहाला नळ यायचा, पाणी भरता भरता ऊन चढायचं. झोपायचं राहूनच जायचं. तरी तू झालीस, रात्रपाळीतच. तेव्हा रात्रपाळीत मूल होत नाही असं मी म्हणतच नाही.

नऊशे ग्रॅमच्या बाळाची शीर तुला एका टोचण्यात सापडली, हे मी अख्ख्या चाळीत सांगितलंय. रात्रभर दुसऱ्यांची बाळं जपतेस आणि सकाळी चहा पिऊन डोळे ताणत बसतेस, ते मात्र मला बघवत नाही.

डॉक्टर मॅडमनी ड्युटीचं विचारलं नाही म्हणालीस. न विचारता सांग. थायरॉइडही बघून घे. आणि झोप... नको, पुरे.

बाबांनी बाजारातून काळं जाड कापड आणलंय, मी आज मशीनला तेल घातलं. तुमच्या खोलीच्या खिडकीचं माप कळव, पूर्वेकडच्या.

तुझी,
आई