पदवीचे संशोधन चौथ्या वर्षापर्यंत का थांबावे?

संपादक महोदय, स. न.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची वाट खुली झाली हे स्वागतार्हच आहे. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात ती पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांसाठीच ठेवली आहे. उत्तरपत्रिका नेटकी लिहिणे आणि फसलेला प्रयोग चिकाटीने पुन्हा मांडणे ही निराळी कौशल्ये आहेत, आणि यांतले दुसरे कौशल्य कोणाकडे आहे हे प्रयोगशाळेत शिरल्याखेरीज कळत नाही. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र २००४ पासून पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतील निवडक विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली प्रकल्प करू देते, तो मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. नोंदवही काटेकोर ठेवणे, शोधनिबंध वाचणे, जवळून काम पाहिलेल्या मार्गदर्शकाचे शिफारसपत्र मिळणे, या गोष्टी पुढील प्रवेशाला आणि नोकरीलाही उपयोगी पडतात. संशोधन हा आपला पिंड नव्हे, हे पीएचडीत काही वर्षे घालवण्याआधी उमगणे हाही लाभच (पालकांना तो पटवणे अवघड, हे खरे).

आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पांची आंतरविद्यापीठीय ‘आविष्कार’ स्पर्धा आहे. मात्र अनेक महाविद्यालयांत तिच्यासाठीचा प्रकल्प स्पर्धेच्या तोंडावर घाईने जुळवला जातो. त्याऐवजी दुसऱ्या वर्षापासून सर्व शाखांत श्रेयांक (क्रेडिट) असलेला छोटा प्रकल्प ठेवावा आणि त्यासाठी दिलेले तास प्राध्यापकांच्या कार्यभारात अधिकृतपणे धरावेत.

– एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली