शॅडोरनचं मराठी टिपण करणाऱ्या ताईंना आभाराचं पत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

शॅडोरन या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या रोलप्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीवरचं तुमचं मराठी टिपण आता आमच्या टेबलावर कायमचं असतं. मूळ पुस्तक साडेचारशेहून अधिक पानांचं. त्यातलं आधी काय वाचायचं, काय पहिल्या काही खेळांत बाजूला ठेवायचं, हे पुस्तक स्वतः सांगत नाही. तुम्ही ते सांगितलंत, आकडे मांडून सांगितलंत. आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. नेमका कशाचा उपयोग झाला तेही लिहितो, म्हणजे नव्याने खेळायला बसणाऱ्यांना हाताशी काही मिळेल.

पहिलं म्हणजे तुम्ही एल्फ आणि ड्रॅगनपासून सुरुवात केली नाहीत, कंपन्यांपासून केलीत. १९८९ मध्ये फॅसा कॉर्पोरेशनने हा खेळ काढला, तेव्हापासून त्याची ओळख ‘सायबरपंकमध्ये (कंपन्या आणि यंत्रांच्या अंधाऱ्या भविष्यात) जादू’ अशीच करून दिली जाते. त्यामुळे नवा खेळाडू कॅरेक्टर करताना धनुष्यबाण मागतो. खरी किल्ली आहे शिआवासे निकाल. खेळातल्या इतिहासात २००१ मध्ये बड्या कंपन्यांना स्वतःच्या आवारात स्वतःचा कायदा चालवायची मुभा मिळते. तिथे पोलिसांना पाय ठेवता येत नाही. म्हणूनच त्या आवारातून माणूस किंवा माल पळवायला कुणाच्याच हजेरीपटावर नसलेली माणसं लागतात, तीच शॅडोरनर. मग २०१० मध्ये नवी दिल्लीत व्हिटासची साथ फुटते आणि जगातली सुमारे चौथाई माणसं जातात. जादू परतते ती त्यानंतर, २०११ मध्ये. हा क्रम कळला की जीएमला (गेममास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला) प्रत्येक कामगिरीमागे कुणाचा फायदा आहे ते सुचायला लागतं.

खेळ जिथे घडतो त्या सिएटलबद्दलचा तुमचा सल्लाही खरा ठरतो: वेगळा नकाशा शोधू नका, खऱ्या शहराचाच उघडा. आज मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय असलेलं रेडमंड खेळात उजाड वस्ती आहे. प्युअलपवर २०१७ मध्ये रेनिअर पर्वताच्या उद्रेकाची राख बसलेली आहे. शहराभोवती सालिश-शिदे परिषदेचं राज्य, म्हणजे बाहेर पडायचं तर सरहद्द ओलांडावी लागते. मूळ अमेरिकी राष्ट्रांना २०१८ च्या डेन्व्हर तहाने भूमी परत मिळते, ही या जगातली सगळ्यात धाडसी कल्पना आम्हाला वाटते. मात्र जुन्या पुस्तकांत निरनिराळ्या जमाती एकाच साच्यात घातल्या आहेत, तिथे जीएमने स्वतः वाचन करून भर घालावी.

आता एसेन्स, म्हणजे माणसातलं माणूसपण मोजणारा आकडा. दोन जातकुळी एकत्र करणारे खेळ पुष्कळ आहेत. बहुतेकांत जादू एका पानावर, यंत्रं दुसऱ्या, दोघींची गाठ फक्त चित्रात पडते. इथे ती एका आकड्यात पडते. प्रत्येकाचं एसेन्स ६. शरीरात धातू घातला की ते उतरतं, शून्यावर आलं की माणूस मेला. वायर्ड रिफ्लेक्सेस या चपळाई वाढवणाऱ्या रोपणाच्या पहिल्या पातळीला २, दुसरीला ३, तिसरीला ५. जादूगाराच्या बाबतीत एसेन्सचा पूर्ण अंक सोडाच, अंकाचा तुकडा जरी गेला तरी मॅजिकचा, म्हणजे त्याच्या जादूच्या ताकदीचा, पूर्ण अंक जातो, आणि कमाल मर्यादाही तेवढीच खाली येते. तुमचं डेटाजॅकचं उदाहरण इथेच कामाला आलं. डेटाजॅक, म्हणजे मेंदू यंत्राला जोडायची खोबण, खातो फक्त ०.१, पण मॅजिक ६ वरून थेट ५ वर. नवा खेळाडू ‘एवढासा तर आहे’ म्हणून तो घेतो आणि फसतो. घ्यायचाच असेल तर उरलेल्या ०.९ मध्ये बसणारं आणखी काही त्याच वेळी घ्यावं, नाहीतर शरीराला हातच लावू नये. शिवाय धातूने भरलेल्या स्ट्रीट सामुरायला (भाडोत्री लढवय्याला) जादूने बरं करतानाही त्याचं घटलेलं एसेन्स आडवं येतं. जगाचं तत्त्व नियमाने सांगावं ते असं.

ड्रेनचं, म्हणजे मंत्र टाकल्यावर जादूगाराला बसणाऱ्या फटक्याचं, गणितही तुम्ही नीट सोडवून दाखवलंत. मॅजिक ५ असलेला जादूगार फोर्स (मंत्राची ताकद) ६ चा फायरबॉल टाकतो. ड्रेन फोर्स उणे १, म्हणजे ५. लॉजिक ५ आणि विलपॉवर ५ धरून तो दहा फासे टाकतो, पाच किंवा सहा पडला तर हिट, म्हणजे सरासरी तीनच्या वर थोडं. साधारण दोन चौकोन स्टन लागतो (स्टन म्हणजे थकव्याची इजा, ती कागदावरच्या चौकोनांत मोजतात). तीनदा असंच केलं की त्याचे स्टनचे निम्मेअधिक चौकोन भरलेले असतात, आणि दर तीन चौकोनांमागे एक फासा कमी. मंत्र टाकतानाचे हिट मॅजिकपेक्षा जास्त आले तर तोच ड्रेन शारीरिक इजा होतो. मोठा फोर्स घ्यायचा मोह का आवरायचा, हे यातून नियम पाठ न करता समजतं.

फाशांच्या पद्धतीचा इतिहास तुम्ही थोडक्यात आटोपलात, तेही योग्यच. पहिल्या तीन आवृत्त्यांत सहा पडला की फासा पुन्हा टाकून बेरीज करायची. त्यामुळे लक्ष्य ६ असो की ७, शक्यता तीच, कारण सहा पडल्यावर पुढचा फासा किमान एक देतोच. चौथ्या आवृत्तीने २००५ मध्ये ती पद्धत मोडीत काढली. आजची सरळ आहे: तीन फाशांमागे एक हिट. ताण नसेल तेव्हा चार फासे सोडून एक हिट विकत घ्या, ही तुमची आठवण तर प्रत्येक जीएमने पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवावी. अर्धा वेळ वाचतो.

सगळ्यात मोठी अडचण तीन जगांची. सामुराय दारात गोळीबार करतोय, जादूगार अ‍ॅस्ट्रलमध्ये (आत्म्यांच्या जगात) आहे, डेकर (हॅकर) मॅट्रिक्समध्ये, म्हणजे संगणकांच्या जाळ्यात. तिघांचे नियम वेगळे, म्हणून जीएम डेकरला तासभर वेगळा खेळवतो आणि बाकीचे चहाला उठतात. तुमचा उपाय असा: इनिशिएटिव्हची (कुणाची पाळी आधी हे ठरवणाऱ्या आकड्याची) एकच पट्टी, सगळ्यांची नावं एकाखाली एक. कुणी कुठल्याही जगात असो, फेरी संपली की प्रत्येकाच्या आकड्यातून दहा वजा, शून्याच्या वर उरला तो पुन्हा खेळणार. वायर्ड रिफ्लेक्सेसची दुसरी पातळी घेतलेल्या सामुरायला एकवीस-बावीस मिळतो, म्हणजे तीन वेळा. साध्या पहारेकऱ्याला नऊ-दहा, म्हणजे एकदाच. डेकरची वेळ त्यांच्या मधोमध येते, आणि तो कॅमेरा बंद पाडतो तो त्याच क्षणी दाराशी उपयोगी पडतो. ओव्हरवॉच स्कोअर, म्हणजे डेकरची घुसखोरी यंत्रणेच्या किती लक्षात आली याचा आकडा, जीएमने गुप्तपणे, वेगळ्या कागदावर मांडायचा, हेही महत्त्वाचं. ४० झाला की यंत्रणा डेकरवर कोसळते, आणि आपला आकडा नेमका कुठवर आला हे त्याला माहीत नसण्यातच रंगत आहे.

एका ठिकाणी आमचं मत वेगळं आहे. नवख्यांसाठी लिमिट, म्हणजे एका फेकीत जास्तीत जास्त किती हिट मोजायचे ती मर्यादा, पूर्ण काढून टाकावं, असं तुम्ही सुचवता. बंदुकीच्या बाबतीत ते चालेल: एरीस प्रेडेटर पिस्तुलाची अचूकता, म्हणजे तिचं लिमिट, ५, नेम धरायला मदत करणाऱ्या स्मार्टगनसह ७, आणि बारा फाशांना सरासरी चारच हिट येतात, लिमिट क्वचितच लागतं. पण मंत्राला फोर्स हेच लिमिट असतं. ते काढलं तर फोर्स १ चा मंत्र टाकून सगळे हिट पदरात पाडता येतात आणि वर उलगडलेलं ड्रेनचं गणितच कोसळतं. शिवाय सोशल लिमिटच्या सूत्रात करिष्मा दुप्पट, विलपॉवर आणि एसेन्स यांची बेरीज भागिले तीन आहे. धातूने भरलेल्या माणसाशी बोलताना समोरचा का बिचकतो, ते तिथे आकड्यात उतरतं. तेव्हा शस्त्रांचं लिमिट सोडा, मंत्रांचं आणि बोलण्याचं ठेवा, अशी आमची विनंती.

टिपणाच्या पुढच्या आवृत्तीत रिगरचं (वाहनं आणि ड्रोन मेंदूने चालवणाऱ्याचं) एक पान घालाल का? त्यात तीन गोष्टी हव्यात. कंट्रोल रिग या रिगरच्या रोपणाच्या तीन पातळ्यांना १, २, ३ एसेन्स जातं. ड्रोनचे इजेचे चौकोन ६ अधिक बॉडीचे (मजबुतीच्या आकड्याचे) निम्मे असतात, मोठ्या वाहनाचे १२ अधिक निम्मे. आणि फटक्याचा आकडा चिलखताच्या वर गेला नाही तर वाहनाला ओरखडाही उठत नाही, माणसासारखा स्टन लागत नाही. या शेवटच्या नियमावर टेबलावर हमखास वाद होतो. तुमच्या पद्धतीने एक सोडवलेलं उदाहरण दिलंत तर तो मिटेल. कच्चं पान तपासून द्यायला आम्ही तयार आहोत, केव्हाही पाठवा.

आपले स्नेहांकित,
शनिवारच्या शॅडोरनच्या टेबलावरचे सगळे