दिसेल तेच काढायला लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, कव्हरस्लिपा संपत आल्यात, तेवढ्या मागवा" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इथं मला मध्येच तोडता यायचं नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमचं हायस्कूल सांगली जिल्ह्याच्या कवठेमहांकाळ तालुक्यात आहे. ताई मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होत्या. निवृत्त झाल्यावर शनिवारी एसटीनं येतात आणि आमच्या आठवी ते दहावीच्या पोरांकडून प्रयोग करून घेतात. मानधन घेत नाहीत. तिकिटाचे पैसे पुढं केले तर "बायकांना हाफ तिकीट आहे" एवढंच म्हणतात.

ताई, आमच्याकडं कुणाला 'मिरजेला नेलंय' असं कानावर आलं की घरात चूल पेटत नाही. वॉन्लेस साहेबांचा मिशन दवाखाना १८९४ पासूनचा, सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ पासूनचं. आमच्या आज्या-पणज्यांपासून सगळ्यांनी मिरज पाहिली ती दुखणं घेऊन. धडधाकट पोरांनी त्या विद्येतलं काही हातानं करून बघावं, हे आमच्या तरी डोक्यात आलं नव्हतं.

शाळेला वस्तू देणारे भेटतात. वस्तू येते, फोटो निघतो, वस्तू कपाटात जाते. तुम्ही उलटं केलंत, आधी कपाट उघडायला लावलंत. सूक्ष्मदर्शकांच्या लेन्सवर बुरशी धरली होती. ती पुसायला तुम्ही पोरांनाच बसवलंत आणि कुठला स्क्रू कशासाठी हे त्यातच शिकवून टाकलंत.

पहिला प्रयोग गालाच्या पेशींचा. काडीच्या बोथट टोकानं गाल आतून हलकेच खरवडायचा, काचपट्टीवर फासायचं, मिथिलिन ब्ल्यू या निळ्या रंगाचा थेंब आणि वर कव्हरस्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच. पोरांनी डोळा लावला न लावला तोच वहीत सुबक पेशी काढली. मध्ये केंद्रक, बाजूनं सगळी अंगकं, नावांसकट. तुम्ही ती वही उचलून म्हणालात, "हे पुस्तकातलं झालं. तुला काय दिसलं ते कुठाय?" मग पुन्हा बघितलं तर काळ्याभोर कडेचे गोल गरगरीत वाटोळे. हवेचे बुडबुडे! अर्ध्या वर्गाच्या पट्टीवर तेच. तुम्ही रागावला नाहीत. "दिसलं ना? मग काढ, आणि खाली बुडबुडा असं लिही." कव्हरस्लिप तिरकी टेकवून सुईनं सावकाश सोडायची हे त्यानंतर दाखवलंत. मग दिसल्या खऱ्या पेशी: वेड्यावाकड्या, कुठं कड दुमडलेली, कुठं एकीवर एक चढलेली, प्रत्येकीत एक गडद निळा ठिपका. त्या दिवसापासून कुठल्याच दोन वह्यांतली आकृती सारखी नाही. गाइडातून उतरवलेल्या जर्नलांचे गठ्ठे तपासणाऱ्या कुठल्याही मास्तराला विचारा, याची किंमत काय ते.

बोकडाच्या हृदयाचा शनिवार मात्र गावभर झाला. श्रावण लागला की मिळायचं नाही म्हणून तुम्ही तो आषाढातच उरकलात. खाटकाला आदल्या दिवशी निरोप होता: चिरू नको, वरच्या नळ्या तोडू नको, लांब ठेव. नळ्या कशाला हव्यात, ते टेबलाशी कळलं. महाधमनीत वरून पाणी ओतलं आणि ते तसंच थांबून राहिलं. आत तीन पाकळ्यांची झडप मिटली होती. मग हृदय चिरून प्रत्येकाला दोन्ही जवनिकांच्या, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या, भिंती चिमटीत धरायला लावल्यात. डावी जाड, उजवी पातळ. का? उजवीनं रक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत ढकलायचं, डावीनं साऱ्या अंगाला पुरवायचं. उत्तर मागच्या बाकावरून आलं, एरवी जिथून फक्त आवाज येतो तिथून.

त्यानंतर स्टेथोस्कोप. ठोक्याच्या 'लब-डब' आवाजातला लब म्हणजे वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटल्या, डब म्हणजे धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या मिटल्या. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. मिटलेली झडप डोळ्यांनी बघितलेल्या पोरानं स्वतःच्या छातीवर नळी ठेवून ऐकलं, ते वेगळंच. माळकरी घरातल्या दोन-तीन मुली हृदयाला हात लावणार नव्हत्या. तुम्ही आग्रह केला नाहीत. स्टेथोस्कोप आधी त्यांच्याकडं दिलात, आणि सगळ्यांचे ठोके मोजून लिहायचं काम त्यांनी इतकं चोख केलं की बाकीचे वैतागले.

रक्तगटाच्या वेळी तुमची शिस्त बघितली. पालकांची लेखी संमती नसेल तर सुई नाही. एका बोटाला एक लॅन्सेट, वापरलं की लगेच बंद डब्यात, आणि डबा तुमच्याबरोबर मिरजेला, लॅबच्या जैविक कचऱ्यात. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब, प्रत्येकात एकेक तपासणीचं औषध: निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी, बिनरंगी अँटी-डी. जिथं गट जुळतो तिथं रक्त फाटलेल्या दुधासारखं कणाकणांनी वेगळं होतं. १९०१ साली कार्ल लँडस्टायनर यांनी हे गट मांडले, ती गोष्ट तुम्ही थेंब ढवळता ढवळता सांगितलीत. एकाच्या ओळखपत्रावरचा गट आणि काचपट्टीवरचा जुळेना, तेव्हा म्हणालात, "आपलं हे शिकण्यापुरतं. खरा दाखला लॅबमधनं आण." आणि कुणीतरी आई-वडिलांचे गट फळ्यावर मांडू लागला, तेव्हा खडू काढून घेतलात. घरच्यांच्या रक्तगटांचं कोडं वर्गात सोडवायचं नाही, असं मला नंतर व्हरांड्यात सांगितलंत. पुस्तकातल्या आनुवंशिकतेच्या पाठात ही समज कुठं छापलेली नाही.

मुलींचं हिमोग्लोबिनही तुम्ही तपासलंत. आकडा ज्याचा त्याच्या हातात, घडी घातलेल्या चिठ्ठीवर. आठवड्याची लोहाची निळी गोळी आता खिडकीबाहेर जात नाही. जेवणाबरोबर चहा नको, लिंबू पिळा, हे तर पोरींनी घरी आयांनाही सुनावलंय.

आता एक मागणं. द्राक्षांची फळछाटणी झालीय, मध्ये पाऊस पडून गेला आणि बागांत डावणी, म्हणजे केवडा रोग, दिसायला लागलीय. पानावर तेलकट डाग, उलटं केलं की खाली पांढरी लव. त्यावरचं बोर्डो औषध कधी मारायचं हे आमच्या पोरांना तोंडपाठ, पण ती लव भिंगाखाली कशी दिसते हे कुणी बघितलेलं नाही. पानं पोरंच आणतील. दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्याच शनिवारी या. सॅफ्रॅनिन या लाल रंगाची बाटली मिरजेतनं येताना घेऊन या, आणि या खेपेला बिल आणायला विसरू नका, मुख्याध्यापक मलाच विचारतात.

आपला,
विज्ञान शिक्षक
ता. कवठेमहांकाळ, जि. सांगली