कोयना-उजनीचा आकडा रोज छापता, आमच्या पाझर तलावाचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात कोयना, उजनी, जायकवाडी किती टक्के भरलं ते चौकटीत येतं, मी पण वाचतो, पण आमच्या माण तालुक्यातल्या जनावरांना आणि विहिरींना जगवणारं पाणी त्या धरणांत नाही, ते पाझर तलाव आणि बंधाऱ्यांत आहे आणि त्याचा आकडा कुठंच येत नाही. आमच्या तलावावरची मोजपट्टी दोन वर्षं झाली आडवी पडलीय. जानेवारीत एका कार्यालयात चौकशी केली तर कागदावर "समाधानकारक साठा"! अहो, बघायला आलं कोण?

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्यानं लॅपटॉपवर सेंटिनेल-२ चे फोटो उघडून दाखवले. युरोपचा उपग्रह, फोटो फुकट, आणि साधारण दर पाच दिवसांनी आपल्या शिवारावरून फेरी. पाणी इन्फ्रारेड प्रकाश गिळतं म्हणून त्या फोटोत तलाव काळाकुट्ट दिसतो आणि शेजारची ज्वारी पांढरी चमकते, त्यामुळं काठ लगेच कळतो. एक ठिपका १० बाय १० मीटरचा म्हणजे १०० चौरस मीटर, आणि आपला गुंठा १०१ चौरस मीटर. म्हणलं हे तर सोपंय, ठिपके मोजा, तेवढे गुंठे पाणी. दिवाळीच्या आधी ३०० च्या आसपास होते ते जानेवारीत १७० वर आले होते.

खरं का खोटं बघायला मोबाईलचं जीपीएस चालू करून आम्ही दोघं काठानं फिरलो. वरच्या अंगाला गवत आणि बेशरमाची झुडपं माजलीत, त्यांच्या बुडात घोटाभर पाणी, ते उपग्रहाला दिसलंच नव्हतं, वीसेक गुंठ्यांचा फरक पडला. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तेव्हा रडारवाल्या सेंटिनेल-१ चा आधार घ्यावा लागतो. शेततळं ३० बाय ३० चं असेल तर सगळे मिळून नऊच ठिपके, त्यात काठाचे अर्धे ओले अर्धे कोरडे, तिथं जास्त भरवसा ठेवू नये.

आणि मेन गोष्ट, वरून पसारा कळतो, खोली नाही. गाळ किती साचलाय ते वरून दिसत नाही. त्याला उपाय एकच, मे महिन्यात तलाव कोरडा पडला की लेव्हल मशीन लावून तळ मोजायचा आणि एवढ्या गुंठ्याला एवढं पाणी असा तक्ता करायचा. एकदा केला की काही वर्षं तोच चालतो, मग घरबसल्या हिशोब. टँकरचा प्रस्ताव गावानं कधी करायचा हे फेब्रुवारीतच कळंल, घागरी रिकाम्या झाल्यावर नाही.

२०२३ ला केंद्रानं जलसाठ्यांची पहिली गणती जाहीर केली, त्यात महाराष्ट्रात ९७ हजाराच्या वर साठे निघाले. चांगलं झालं, पण ती डोकी मोजली, पाणी तर दर पंधरवड्याला कमी होतंय ना.

तर विनंती एवढीच, त्या धरणांच्या चौकटीखाली सोमवारी एका तालुक्याचे लहान तलाव छापा. आकडे काढायला गावोगावची पोरं तयार होतील, आमचा पुतण्या तर आत्ताच तयार आहे. सुरुवातीला आमचाच घ्या: गेल्या मंगळवारच्या फोटोत १४० गुंठे.

- एक शेतकरी वाचक, ता. माण, जि. सातारा