जखमी पोलिसांचीही नावे वाचली जावीत

'पोलीस स्मृतिदिनी हुतात्म्यांना मानवंदना' हे वृत्त (२२ ऑक्टोबर) वाचले. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात १० पोलीस जवान हुतात्मा झाले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो आणि वर्षभरात कर्तव्यावर प्राण गेलेल्यांची नावे या वेळी वाचली जातात. ते योग्यच आहे. मात्र जीव वाचला, पण हात, पाय किंवा दृष्टी गेली, अशांची नावे या यादीत नसतात.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या गाडीत होते, त्याच गाडीतील एक पोलीस शिपाई गोळ्या लागूनही बचावला. त्यानेच बिनतारी यंत्रणेवरून नियंत्रण कक्षाला खबर दिली. धैर्यात तो कुणापेक्षा उणा होता, असे कोण म्हणेल? अशा जखमींची नावेही त्याच संचलनात वाचली जावीत आणि त्यांना हुतात्म्यांच्या कुटुंबीयांशेजारी, पहिल्या रांगेत बसवावे. त्यासाठी वेगळ्या निधीचीही गरज नाही.

— एक वाचक