बाबा, नवा टीव्ही घेऊ नका

हांबुर्ग

ती. बाबा आणि ती. सौ. आईस, शि. सा. न.

मी ठणठणीत आहे. जेवण वेळेवर होतं, थंडीचे कपडेही पुरेसे आहेत. आई, काळजी करू नकोस.

बाबा, मालिकेत ड्रॅगनच्या जागी काळा डाग दिसतो म्हणून टीव्ही बदलू नका. टीव्ही चांगला आहे, तुमचे डोळेही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या ड्रॅगनच्याच मालिकेतला रात्रीच्या लढाईचा भाग 28 एप्रिल 2019ला आला, तेव्हा ‘काहीच दिसत नाही’ अशी जगभर ओरड झाली होती. कॅमेरा सांभाळणारे फेबियन वॅग्नर यांनी कॉम्प्रेशनकडे, म्हणजे डेटा वाचवायला चित्र दाबण्याकडे, आणि घरोघरच्या टीव्ही सेटिंगकडे बोट दाखवलं होतं.

आपल्याकडे येतंय ते 480पी. त्यात 854 गुणिले 480, म्हणजे जेमतेम 4 लाख ठिपके. 1080पीमध्ये 20 लाखांच्या वर. चादरीवरचा मोर आलेखाच्या थोड्या चौकटींत बसवला की पिसाऱ्याच्या पायऱ्या होतात, तसंच हे. त्यात डेटा वाचवताना जवळजवळच्या काळ्या-राखाडी छटा एकच करून टाकतात. धूर आणि पडता बर्फ क्षणाक्षणाला बदलतो, तिथे डेटा अपुरा पडून चौकोन उमटतात. अशा मालिकेची सगळी मेहनत नेमकी तिथेच असते: चिलखताचे खवले, झग्यावरचं भरतकाम, मशालीच्या उजेडातले चेहरे. ते दिसलंच पाहिजे.

पिंकीला आधी ॲपमधला डेटा सेव्हर बंद करायला सांगा. प्लॅनही बघा, काही स्वस्त प्लॅन 480च्या वर जातच नाहीत. फोनचा स्क्रीन टीव्हीवर मिरर करू नका, चित्र पुन्हा एकदा दाबलं जातं. टीव्हीतलंच ॲप लावा. 1080पीला इंटरनेटचा सलग 5 एमबीपीएस वेग पुरतो. पण राउटर बाहेरच्या खोलीत आहे आणि 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल आपल्या जाड भिंतींत अडकतो, म्हणून सरळ लॅन केबल ओढून घ्या. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वरून ‘मूव्ही’वर आणा, शार्पनेस उतरवा, मोशन स्मूदिंग बंद करा. ब्राइटनेस मात्र चढवू नका. त्याने तपशील येत नाही, चौकोनच उठून दिसतात. दुपारी बघायचं तर खिडकीवर जाड चादर टाका, सोलापूरच्या उन्हात रात्रीचे प्रसंग दिसणार नाहीत. आणि 480वरच भागवायचं असेल तर खुर्ची दहा फूट मागे घ्या.

आई, मी टीव्ही घेतलेला नाही. खात्यातून टीव्हीचे पैसे जातात ते इथल्या नियमामुळे. घरात टीव्ही असो-नसो, सार्वजनिक वाहिन्यांसाठी ‘रुंडफुंकबाइट्राग’ भरावाच लागतो. महिना 18.36 युरो, तेही माणशी नाही, घरामागे. चौघे एकत्र राहिले तरी एकदाच. तीन महिन्यांचे 55.08 एकदम जातात. पत्ता नोंदवला की मागणीचं पत्र येतंच. टीव्ही नाही, रेडिओ नाही, म्हणून सुटका नाही. चैन नाही गं ही.

टीव्हीसाठी काढलेले पैसे पिंकीच्या लग्नाच्या कार्यालयाला आगाऊ द्या. माझे या महिन्याचे पोचले असतील. पुढच्या वेळी जास्त पाठवतो, नक्की. सगळी रजा लग्नासाठी राखली आहे, त्यामुळे गड्ड्याच्या जत्रेला यंदाही येणं होणार नाही. माझ्या स्थळाचं पिंकीचं पार पडल्यावर बोलू. फोटो पाहिला, नाही म्हणत नाहीये. केबल खरं तर मीच ओढून द्यायला हवी होती. बाबा, तुम्ही शिडीवर चढू नका. वायरमन बोलवा, त्याचे पैसे मी पाठवतो.

तुमचा,
बाळू