केमोनंतरचा ताप अंगावर काढू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी माझ्या पत्नीला स्तनाच्या कर्करोगासाठी दर 21 दिवसांनी केमोथेरपी सुरू होती. दुसऱ्या केमोनंतर दहाव्या रात्री तिला थंडी वाजून ताप आला. गावातील डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिले, ताप उतरला आणि आम्ही निर्धास्त झोपलो. सकाळी तिला उठून बसवेना. पहिल्या वडापने (प्रवासी जीपने) जतहून मिरज गाठले, तेव्हा तिच्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे 500च्याही खाली गेल्या होत्या.

केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात, त्यात अस्थिमज्जेतील रक्त घडवणाऱ्या पेशीही सापडतात; त्यामुळे साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत बहुतेकांच्या आपोआप सावरतात. मधल्या दिवसांत जंतुसंसर्ग झाला, तरी पू किंवा सूज फारशी दिसत नाही, कारण पू होण्यासाठीही याच पेशी लागतात. ताप ही कित्येकदा एकमेव खूण असते आणि पॅरासिटामॉलने आपण नेमकी तीच पुसून टाकतो. 100.4 अंश फॅरनहाइट ताप भरला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे; तेथे शिरेतून प्रतिजैविक तातडीने सुरू व्हावे लागते.

पेशी वाढाव्यात म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पपईच्या पानांचा रस आणि शेळीचे कच्चे दूध सुचवले. पपईच्या पानांचा बोलबाला डेंग्यूतील प्लेटलेटमुळे झाला, त्याचा पांढऱ्या पेशींशी संबंध नाही. न उकळलेले दूध तर या दिवसांत घातकच. पेशी वाढवणारी इंजेक्शने खरोखर उपलब्ध आहेत, परंतु ती कोणाला द्यायची हे डॉक्टरच ठरवतात. त्यांपैकी दर केमोमागे एकदाच घ्यावयाचे इंजेक्शन केमोनंतर किमान 24 तासांनी देतात. ते 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि गोठून चालत नाही, म्हणून थर्मासमध्ये थेट बर्फावर ठेवून गावी नेणे (आम्ही तेच केले होते) चुकीचे आहे.

माझी विनंती एवढीच, की सांगली-मिरजेच्या रुग्णालयांनी केमो झालेल्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना मराठीत छापलेले कार्ड द्यावे. त्यावर केमोची तारीख, जपायचे दिवस, तापाची मर्यादा आणि रात्री उचलला जाईल असा फोन क्रमांक असावा, म्हणजे ते गावातील डॉक्टरांनाही दाखवता येईल. आमच्या कागदपत्रांत तापाची सूचना होती. ती इंग्रजीत, बारीक टाइपात होती आणि मी ती प्रथम वाचली, तेव्हा पत्नी अतिदक्षता विभागात होती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
जत, जि. सांगली